सुतक फिटले त्या दुपारी

कुकडीच्या घाटावर सोपानच्या दहाव्याचा पिंड ठेवला आणि कावळा तत्काळ शिवला. दर्भाची मुद्रिका अजून त्याचा पुतण्या सुदर्शन याच्या बोटात होती, गुरुजींचा शेवटचा मंत्र पुरता संपलाही नव्हता, तोच पलीकडच्या उंबरावरून एक कावळा उतरला, त्याने भाताचा घास चोचीत धरला आणि तो नदीपार निघून गेला. जमलेल्या मंडळींनी सुटकेचा निःश्वास टाकला. सोपानच्या मनात काही राहिले नव्हते, बिचारा सुखाने गेला, असे ज्याने त्याने आपल्या शेजाऱ्याला सांगितले. थोरले बंधू बाळासाहेब मात्र त्या पक्ष्याच्या वाटेकडे पाहत राहिले. त्याने थोडा उशीर करायला हवा होता, असे त्यांना वाटले, आणि वाटल्याबरोबर त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

त्यांना असे वाटण्यास कारण होते. आदल्या संध्याकाळी सोपानच्या पत्नीने, चिमाबाईने, त्यांना एक निरोप पाठवला होता. लग्न होऊन या घरात आल्यापासून चिमाबाई थोरल्या दिरांशी समोरासमोर बोलली नव्हती. जे सांगायचे ते ती आपल्या जावेला, लंकाबाईला, सांगे, आणि लंकाबाई ते आपल्या नवऱ्यापर्यंत पोहोचवी. तेही अनेकदा थोडे तिखट लावून. या वेळी तिने काहीही लावले नव्हते. उद्या सुतक फिटेल, डोंगळे ऐन फुलात आहेत, माश्या दिवसभर त्यांच्यावर असतात. तेव्हा भावकीने औषध मारायचे ते दिवस मावळल्यावर मारावे, एवढे थोरल्यांनी घाटावर सांगावे, असा तो निरोप होता.

डोंगळे म्हणजे बियाण्यासाठी पुन्हा लावलेला कांदा. माघात त्याच्या दांड्यांवर पांढरे गोंडे येतात, आणि त्या गोंड्यांत बी भरायचे तर मधमाशीचे पाऊल त्यांना लागावे लागते. सोपानने घाटघरच्या रानातून सातेरी माश्या आणून करंजाच्या झाडाखाली लाकडी पेट्यांत त्या नांदवल्या होत्या. पिंपळवंडीच्या त्या मळ्यात सोपानचे डोंगळे मधोमध होते आणि सभोवती भावकीचा खाण्याचा कांदा. कांद्यावर फुलकिडे पडत, भावकी औषध फवारी, आणि वाऱ्याबरोबर ते बांध ओलांडून येई. म्हणून सोपान दर मोसमात घरोघर जाऊन ओट्यावर बसे, चहा घेई, कोण कोणत्या दिवशी मारणार ते विचारी आणि प्रत्येकाकडून संध्याकाळची वेळ कबूल करून घेई. अलीकडे बिबट्याच्या भयाने दिवेलागणीनंतर कोणी रानात थांबेनासे झाले, तेव्हा तो स्वतः हातात बॅटरी आणि पितळी थाळी घेऊन बांधावर उभा राहू लागला. फवारणारा फवारी आणि सोपान थाळी वाजवी. लोक हसत, पण संध्याकाळी फवारत.

त्यातच त्यांच्या घराण्याची एक रीत होती. भावकीत कोणी गेले की दहावा होईपर्यंत कोणी रानात औजार धरायचे नाही. औत नाही, खुरपे नाही, औषधाचा पंपही नाही. सोपान गेल्यापासून ती रीत सर्वांनी निष्ठेने पाळली होती. कोणी कुरकुर केली नव्हती. पण कांद्याची पात दिवसेंदिवस पांढरट पडत होती, आणि प्रत्येक जण सकाळी बांधावर जाऊन ती पाहून मुकाट्याने परत येत होता, हे बाळासाहेबांना ठाऊक होते. त्यांची स्वतःची पातही तशीच होती.

कावळा शिवायला वेळ लागला की कुणीतरी पुढे होऊन मृताच्या मनातली इच्छा मोठ्याने बोलावी लागते. त्या वेळी हा निरोप आपण सांगू, असे बाळासाहेबांनी योजले होते. पिंडासमोर दिलेला शब्द कोणी मोडत नाही. कावळ्याने ती संधीच ठेवली नाही.

मग ध्वनिक्षेपकावर श्रद्धांजलीची भाषणे झाली. पारगावच्या कारखान्याकडचे एक पुढारी आले होते. त्यांनी सोपानला मधमाश्यांचा सखा म्हटले आणि त्याचे गाव चुकीचे सांगितले. दुसऱ्यांनी निसर्गाच्या रक्षणावर पुष्कळ सांगितले. शेवटी घरचे वडीलधारे म्हणून बाळासाहेब उभे राहिले. डोके भादरलेले, पाय उभे राहून थकलेले, समोर एवढा समुदाय. नदीच्या पवित्र काठावर, भावाच्या पिंडाशेजारी, पंप आणि औषधाची गोष्ट काढणे त्यांच्या जिभेला अप्रशस्त वाटले. घरी गेल्यावर पंगतीला बसल्यावर सांगू, असे त्यांनी मनाशी ठरवले. घराण्यातल्या वडीलधाऱ्याने म्हणायचे ते परंपरेचे वाक्य तेवढे ते म्हणाले.

"सुतक फिटलं. मंडळींनी आपापल्या कामाला लागावं."

मंडळी कामाला लागली.

घरी पाहुण्यांच्या सरबराईत ते सांगणे राहूनच गेले, आणि पहिली पंगत उठेपर्यंत ऊन चढले होते. बाळासाहेब हात धुऊन ओट्यावर येतात तोच सोपानची मुलगी हर्षाली मळ्याच्या वाटेने आली. ती पुण्यात नोकरीला होती. बापाच्या आजारपणापासून रजा काढून घरी होती. तिने ओढणीचा पदर द्रोणासारखा धरला होता. तिने तो बाळासाहेबांसमोर उघडला. आत मूठभर माश्या होत्या. काही निश्चल होत्या. काही पाठीवर पडून गरगर फिरत होत्या, आणि त्यांच्या जिभा बाहेर आल्या होत्या.

"आबा, रामनाथकाका पंप मारतोय," ती म्हणाली. एवढेच म्हणाली.

बाळासाहेब अनवाणीच निघाले. करंजाखालच्या पेट्यांसमोर जमीन काळसर दिसत होती, आणि जवळ गेल्यावर ती हलत होती. रानातून परतलेल्या माश्या पेटीच्या फळीवर उतरत, थरथरत, आणि दारावरच्या राखणदार माश्या त्यांना आत घेईनात. आपल्याच दाराशी परकी झालेली ती जित्राबे फळीवरून खाली पडत होती. दोन पेट्यांची ये-जा जवळजवळ थांबली होती. बाकीच्यांत अजून जाग होती. वारा रामनाथच्या वावराकडून सोपानच्या डोंगळ्यांवर येत होता. त्यात औषधाचा उग्र दर्प होता.

रामनाथ त्यांचा चुलतभाऊ, सोपानपेक्षा थोडा धाकटा. पहिल्याच पंगतीला चार घास खाऊन तो उठला होता. बाळासाहेबांनी हाक मारली तेव्हा त्याने पाठीवरच्या पंपाची नळी बंद केली आणि तो बांधावर आला. काय झाले ते त्याला आधी उमगलेच नाही. उमगले तेव्हा त्याचा चेहरा उतरला, आणि मग तो रागावला. कारण स्वतःची चूक कोणती हे त्याला सापडेना.

"दादा, तुमीच म्हणलात, कामाला लागा," तो म्हणाला. "सोपान्यासाठी मी पंपाला हात लावला न्हाई. बायको रोज म्हणायची, पात चालली. मी म्हणलं, भावाचं सुतक हाय, जाऊ दे पात. आन् आता मलाच असं बघताय?"

त्याने सोपानचा मान राखला होता हे खरे होते. इतके दिवस राखलेला तो मान संपताच तो धावत शेतावर आला होता, हेही खरे होते. पंप उतरवून ठेव, असे सांगून बाळासाहेब परतले. वाटेत त्यांना दोनदा बांधावर बसावे लागले.

घरी ओट्यावर बोलणे सुरू झाले होते. पाहुणे बहुतेक पांगले होते. उरले होते ते घरचेच. बाळासाहेबांच्या मुलाचे, सुदर्शनचे, म्हणणे असे की, झाले ते वाईट झाले, पण पुढचे काही टळणार नाही. ट्रॅक्टरवरच्या ब्लोअरने फवारून देण्याचे त्याचे काम. अर्ध्या भावकीने घाटावरच त्याला सांगून ठेवले होते, आणि उद्या उजाडताच तो पहिल्या वावरात शिरणार होता. संध्याकाळी मारावे हे त्यालाही पटत होते. पण दिवस मावळल्यावर ट्रॅक्टरवर एकटा माणूस कसा पाठवायचा? मागच्या पंधरवड्यात शेजारच्या मळ्यातून बिबट्याने गोठ्यातले वासरू नेले होते.

"सोपाननाना उभे राहायचे," तो म्हणाला. बोलताना त्याचा हात आपल्या भादरलेल्या डोक्यावरून फिरला. सोपानला मुलगा नव्हता. पिंड सुदर्शननेच दिला होता. "आता कोण उभं राहणार, ते सांगा. मी गाडी चालवू का थाळी वाजवू?"

हर्षाली त्याच्याविरुद्ध बोलेल असे सर्वांना वाटले होते. लहानपणापासून या दोघा चुलत भावंडांचे एका शब्दावर कधी एकमत झाले नव्हते. पण ती त्याच्याच बाजूने बोलली. तिने थकल्या आवाजात सांगितले की आजच रात्री उरलेल्या पेट्या टेम्पोत घालून घाटघरला पोचवाव्यात आणि ज्यांच्या रानातून त्या आणल्या त्यांनाच कायमच्या देऊन टाकाव्यात. डोंगळ्यांत बी भरले नाही तर नाही भरले. आईला एकटीला हे झेपणार नाही, आणि ती स्वतः काही इथे राहणार नाही.

लंकाबाईने तिची री ओढली. जावेच्या प्रत्येक गोष्टीत खोट काढणारी लंकाबाई जावेच्या मुलीची कड घेते आहे, हे पाहून सुदर्शनने आश्चर्याने आईकडे पाहिले.

"बघतोस काय? पोरीला माश्यांपरीस आई हवी हाय, ह्यात काय चुकलं तिचं?" ती म्हणाली. "तुझ्या नानाला सांगून सांगून माझं तोंड दुखलं, की बाबा, माश्या पाळण्यापरीस म्हशी पाळ. म्हस निदान घरी तरी येती वळखून."

माश्याही घरी ओळखूनच येतात, आणि आज येऊन दाराशी पडल्या आहेत, हे प्रत्येकाच्या मनात आले असावे.

बाळासाहेब खांबाला टेकून बसले होते. सर्वांचे बोलणे त्यांना रास्त वाटत होते, आणि सर्वांचे रास्त असूनही शेवटी पेट्या जाणार होत्या. वयाच्या या टप्प्यावर घरातली प्रत्येक गोष्ट अशीच निसटते, असा त्यांचा अनुभव होता. कोणी हिसकावून नेत नाही, सगळे शहाणपणाचेच बोलत असतात, आणि वस्तू निघून जाते. होऊ द्यावे, असे त्यांना वाटू लागले. हो म्हणायला त्यांनी तोंड उघडलेही होते.

तेव्हा माजघराच्या उंबऱ्याआडून आवाज आला.

"भाऊजी, माझा निरोप तुमाला पोचला व्हता का?"

ओट्यावरची माणसे दाराकडे वळली. चिमाबाई थोरल्या दिरांशी बोलत होती. ती दाराआडच होती, पदराची कड तेवढी दिसत होती. पण प्रश्न सरळ त्यांना होता. सर्वांची दृष्टी क्षणभर लंकाबाईकडे वळली. दोघी जावांचे जन्माचे वाकडे साऱ्या गावाला माहीत होते. निरोप हिनेच गिळला असेल, असे सुदर्शनला वाटले, हर्षालीला वाटले. आणि तसे वाटल्याचे लंकाबाईला दिसले. ती नवऱ्याकडे पाहू लागली.

बाळासाहेबांनी गप्प राहायचे ठरवले असते तर दोष तिच्या माथी सहज बसला असता, आणि कदाचित ती तो सोसूनही गेली असती.

"पोचला व्हता," ते म्हणाले. "हिनं बिनचूक सांगितला. मीच बोललो न्हाई."

दारामागून पुढचा प्रश्न येईल म्हणून ते थांबले. का बोलला नाहीत, असे तिने विचारले असते तर काय सांगावे हे त्यांना कळत नव्हते. पण तिने काही विचारले नाही. मग बाळासाहेब हातावर भार देऊन उठले, मागच्या अंगणातल्या न्हाणीच्या दगडाशी गेले, आणि त्यांनी रांजणातले गार पाणी तांब्यातांब्याने आपल्या उघड्या डोक्यावर ओतायला सुरुवात केली.

सुदर्शन मागे धावला. सकाळीच नदीवर स्नान झाले असताना ही दुसरी अंघोळ कशासाठी, असे त्याने विचारले.

"घरात मयत झालीय," बाळासाहेब म्हणाले.

ओले अंग तसेच ठेवून ते ओट्यावर आले आणि चटईवर न बसता भुईवर बसले. त्यांचा आवाज मुळीच चढलेला नव्हता. ते सांगू लागले की आपल्या आजोबांनी सर्जा बैल गेला तेव्हा त्याचे सुतक धरले होते. त्या दिवशी या घरात चूल पेटली नव्हती, भावकीत कुणी औजार धरले नव्हते, आणि दुसऱ्या दिवशी दिवे लागल्यावर ते सुतक फिटले होते. रामनाथच्या बापाने तेव्हा अंघोळ केली होती हे त्यांनी स्वतः पाहिले होते.

"घरचं जित्राब मेलं तर घर जेवत न्हाई, हे आज्यानं घालून दिलंय. माश्या सोपान्याची जित्राबंच हायती. उद्या दिवे लागेपातूर भावकीत कुणी पंप धरायचा न्हाई. सुदर्शन, फोन करून सांग समद्यांना."

सुदर्शन हतबुद्ध झाला. माश्यांचे सुतक ऐकून लोक हसतील, असे तो म्हणाला. हसू देत, असे उत्तर आले. आपला स्वतःचा कांदाही हातचा जाईल, असे तो म्हणाला. एका दिवसात जाण्यासारखा असेल तर तो गेल्यातच जमा आहे, असे उत्तर आले. मग आपण असा फोन करणार नाही, असे त्याने सांगितले आणि तो फोन हातात घेऊन अंगणाच्या टोकाला जाऊन उभा राहिला. थोड्या वेळाने त्याचा बोलण्याचा आवाज येऊ लागला. पलीकडचा कोणी हसत असावा, कारण सुदर्शन एकसारखा म्हणत होता, "आरं, मी न्हाई म्हणत, आबा म्हणत्यात. तू हसून घे आधी, मग सांगतो."

लंकाबाई स्वयंपाकघरात गेली आणि तिने गॅस बंद केला. "च्या तरी उकळू द्यायचा व्हता," असे ती तिथूनच म्हणाली. ते कोणाला उद्देशून होते कुणास ठाऊक. पण थोड्या वेळाने हर्षालीला आतून दिसले ते असे की लंकाबाई न्हाणीतून ओली बाहेर आली आणि चिमाबाईपाशी भिंतीकडेला बसली.

बाळासाहेबांना आपल्या बोलण्याचा फारसा भरवसा नव्हता. पूर्वी थोरल्याने सुतक सांगितले की ते लागत असे. आता सांगितलेले सुतक लागते की नाही, हे पाळणाऱ्यांच्या मनावर असते. एक जरी पंप वाजला असता तरी सारी भावकी त्यामागून गेली असती, आणि पहिला पंप कोणाचा वाजेल याविषयी त्यांना शंका नव्हती. रामनाथचे अर्धे वावर मारून झाले होते. अर्धे राहिले होते. ते कान देऊन बसले. हर्षालीने पेट्यांवर ओली गोणपाटे घातली आणि ती परत आली, सूर्य लेण्याद्रीच्या अंगाला कलला, डोंगळ्यांचे गोंडे काळपट दिसू लागले. रानातून पंपाची घरघर आली नाही.

दिवे लागण्याच्या सुमारास अंगणात पावले वाजली. रामनाथ होता. त्याच्या पायांत वहाणा नव्हत्या, केसांतून पाणी निथळत होते, आणि अंगातला सदरा अंगाला चिकटला होता. तो आला आणि बाळासाहेबांच्या शेजारी भुईवर बसला. दोघांच्याही अंगाखाली जमीन ओली झाली.

"बायको म्हणती, वेड लागलंय म्हाताऱ्याला," तो म्हणाला.

"तू काय म्हणालास?"

"म्हणलं, लागलं आसंल. पानी काढ." त्याने तोंडावरचे पाणी पुसले. "दादा, खोटं कशाला बोलू, मला अंधाराचं भ्याव वाटतं. वाघ काय सुतक बघून येत न्हाई. उद्या दिवे लागल्यावर राहिलेलं वावर मारायचं, तर कोणतरी उभं राहाया हवं."

आपण उभे राहू, असे बाळासाहेब म्हणाले. सुदर्शनने अंगणातूनच सांगितले की आबांना उभे केले तर आधी आबांनाच राखायला दुसरा माणूस लागेल. तो स्वतः ट्रॅक्टरचे दिवे लावून बांधावर थांबेल, पण रोज नाही, एकेक जण पाळीने येणार असेल तरच. रामनाथने मान हलवली. मग त्याने विचारले की हे किती दिवस असे चालायचे, नेमके काय काय सांभाळायचे, आणि आजच्यासारखे पुन्हा होऊ नये म्हणून सोपान काय करीत असे.

बाळासाहेबांना ते माहीत नव्हते. इतकी वर्षे शेजारच्या बांधावर राहून त्यांनी ते कधी विचारले नव्हते.

"मला माश्यांतलं काय कळत न्हाई," ते म्हणाले. "तिला विचार."

माजघरातून लंकाबाईचा आवाज आला, "जा की. हितनं वरडून सांगणार हाय का?" आणि चिमाबाई बाहेर आली. ओट्यावर, दिव्याच्या उजेडात, दिरांच्या समोर ती खांबाच्या कडेला बसली. तिचा चेहरा इतका शिणलेला होता की बाळासाहेबांनी नजर खाली वळवली.

"आधी वारा बघायचा, भाऊजी," ती रामनाथला म्हणाली. "तुमच्याकडनं माश्यांकडं वाहत आसंल, तर त्या दिवशी पंप खाली ठेवायचा."

"आन् दुसऱ्या दिवशीबी तसाच आसला तर?"

"तर दुसऱ्या दिवशीबी."

रामनाथने अंगणापलीकडे, आपल्या अर्ध्या राहिलेल्या वावराच्या दिशेने पाहिले. तिथे आता काही दिसत नव्हते. त्याने सदऱ्याची कड पिळली आणि तो भिंतीला पाठ टेकून नीट बसला.

"सांगा वहिनी," तो म्हणाला. "पुढं सांगा."